धुळं मोठं की जळगाव? भांडण जुनंच, पण नकाशा काय म्हणतो ते बघू

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बघा ना' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



खानदेशातल्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच ओळ टाका, "धुळं मोठं की जळगाव?" आणि चहा घ्यायला जा. परत येईपर्यंत दीडशे मेसेज पडलेले असतात. धुळेकर हायवे मोजतो. जळगावकर रेल्वे, सोनं आणि विमानतळ मोजतो. मग कोणीतरी भरताचा विषय काढतो आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो.

आज आपण हा प्रश्न नीट घेऊ. नकाशा, लोकसंख्या, रस्ते आणि रेल्वे, या क्रमाने. माझी बाजू आधीच सांगतो. मी पारोळ्याचा. पारोळा जळगाव जिल्ह्यात आहे, पण धुळं आम्हाला जवळ पडतं. धुळं साधारण ३५ किलोमीटर, जळगाव ५५ च्या पुढे. कलेक्टर कचेरीचं काम निघालं की जळगाव. दवाखान्याचं मोठं काम निघालं की घरातली मोठी माणसं आधी धुळ्याचं नाव घेतात. त्यामुळे मला कुठल्याच टीमची जर्सी घालता येत नाही.

आधी जमीन बघू

खानदेश म्हणजे तापीचं खोरं. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, आणि मधून तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्यांच्या उलट दिशेने वाहते. गंमत अशी की आपली दोन्ही मोठी शहरं तापीवर नाहीत. दोन्ही तिच्या दक्षिणेला, तिच्या उपनद्यांजवळ आहेत. धुळं पांझरेवर आणि जळगाव गिरणेजवळ. पांझरा साक्री तालुक्याच्या डोंगरातून येते आणि धुळे शहराच्या मधून जाते. गिरणा नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून निघते आणि जळगावच्या पश्चिमेकडून, बांभोरीजवळून जाते. तुम्ही धुळ्याहून जळगावला गेला असाल तर तो गिरणेचा पूल आठवत असेल. तो आला की समजायचं, पोचलो.

हे सांगायचं कारण, खोरं वेगळं म्हणजे वाट वेगळी. पांझरेचं खोरं उत्तर-दक्षिण जाणाऱ्याच्या वाटेत येतं. मुंबई-आग्रा रस्ता नाशिक, मालेगाव करत लळिंगच्या किल्ल्याखालून धुळ्यात उतरतो आणि पुढे तापी ओलांडून सेंधव्याकडे चढतो. गिरणेचं खालचं खोरं मात्र ईशान्येकडे जातं, म्हणजे भुसावळ, नागपूरच्या दिशेने. या दोन वाटा लक्षात ठेवा. पुढची निम्मी गोष्ट त्यांच्यातच आहे.

धुळं आधी मोठं का झालं?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने धुळ्याला जिल्ह्याचं मुख्य ठिकाण केलं. तेव्हा खानदेश हा एकच भलामोठा जिल्हा होता. म्हणजे आजच्या जळगावच्या माणसालाही जिल्ह्याचं काम पडलं की धुळं गाठावं लागायचं. कचेरी आली की वकील येतात, शाळा येतात, बाजार वाढतो. धुळ्याचं तसंच झालं. राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यात आहे, समर्थ वाग्देवता मंदिरातली जुनी हस्तलिखितं धुळ्यात आहेत. सर विश्वेश्वरय्या यांनी इंजिनिअर म्हणून नोकरी सुरू केली ती मुंबई इलाख्यात, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक धुळ्याजवळ पांझरेच्या पाण्यासाठीच्या सायफनचं होतं. आम्हा इंजिनिअर लोकांना हे सांगायला आवडतं, म्हणून सांगितलं.

मग १९०६ मध्ये खानदेशचे दोन तुकडे झाले. पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशचं धुळं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर याच जिल्ह्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. म्हणजे कागदावर दोन्ही शहरं बरोबरीला आली ती १९०६ ला. आपलं भांडणही साधारण तेवढंच जुनं असावं असा माझा अंदाज.

रेल्वे आली, पण कुठून?

१८६० च्या दशकात जीआयपी कंपनीची रेल्वे मुंबईहून घाट चढून मनमाडला आली. तिला जायचं होतं भुसावळला, कारण तिथून एक फाटा नागपूरकडे आणि एक खंडव्याकडे निघणार होता. आता मोबाइलवर नकाशा उघडा. मनमाडहून भुसावळ ईशान्येला आहे. धुळं जवळजवळ सरळ उत्तरेला. धुळ्याला जायचं म्हणजे वाकडी वाट. रेल्वेने नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी सोयीची वाट घेतली. जिल्ह्याचं ठाणं बाजूला राहिलं आणि तेव्हाचं छोटं जळगाव मुख्य लाइनवर आलं.

त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला भाव आला. खानदेशची काळी माती, वर रेल्वे, मग जळगावला कापसाचा बाजार भरायला लागला. पुढे तिथे कापड गिरणीही उभी राहिली.

मग १९०० च्या सुमारास दोन लाइनी आल्या. पहिली सुरतेहून नंदुरबार, अमळनेर करत जळगावला मिळणारी तापी व्हॅलीची लाइन. दुसरी चाळीसगावहून धुळ्याला येणारी, साधारण ५७ किलोमीटरची. फरक बघा. जळगावला दुसरी लाइन मिळाली आणि ते जंक्शन झालं. धुळ्याला पहिली लाइन मिळाली आणि ती धुळ्यातच संपली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ग्राफ म्हणतो. प्रत्येक गाव एक नोड, त्यांना जोडणारी प्रत्येक वाट एक एज. रेल्वेच्या ग्राफमध्ये जळगावातून मुंबई, सुरत, नागपूर-हावडा आणि इटारसी-दिल्ली अशा सगळ्या दिशांच्या गाड्या जातात. धुळं मात्र फांदीच्या टोकाचं पान, लीफ नोड. तिथे गाडी येते आणि परत फिरते, पुढे कुठे जात नाही. २०२३ मध्ये धुळ्याहून थेट मुंबईची एक्स्प्रेस सुरू झाली ही चांगली गोष्ट, पण वाट तीच, चाळीसगावमार्गे.

रस्त्यावर मात्र उलटं

आता रस्त्यांचा ग्राफ काढा. जुन्या नंबरांनी धुळ्यात तीन राष्ट्रीय महामार्ग भेटायचे: मुंबई-आग्रा म्हणजे ३ नंबर, सुरत-नागपूर-कोलकाता म्हणजे ६ नंबर, आणि सोलापूरहून येणारा २११. आता नंबर बदललेत. नाशिककडचा ६०, इंदूर आणि सोलापूरकडचा ५२, सुरत-नागपूरचा ५३. नंबर बदलले तरी चौक तोच. धुळ्याहून नाशिक साधारण १६० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर दीडशे, इंदूर २६५ च्या आसपास, सुरत सव्वादोनशेच्या थोडं पुढे. चारी दिशांना मोठं शहर आणि मधोमध धुळं. ट्रकवाल्याला विचारा, तो जळगावआधी धुळं सांगेल.

जळगावही ५३ नंबरवर आहेच, शिवाय अजिंठ्यावरून संभाजीनगरला जाणारा रस्ता आहे. पण तो ५३ नंबर जळगावला येतो तो धुळ्यातूनच.

विमानाचं थोडक्यात. जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये नव्या रूपात सुरू झाला आणि उडान योजनेत २०१७ च्या डिसेंबरात तिथून मुंबईची सेवा निघाली. पुढे कंपन्या बदलत गेल्या, शहरं बदलत गेली. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. हा राउंड जळगावचा, वाद नको.

आता ज्याची वाट बघत होता ते: आकडे

१९०१ च्या जनगणनेत धुळं २४ हजारांच्या पुढे आणि जळगाव १६ हजारांच्या आसपास. धुळं सरळ दीडपट.

१९९१ ला या. धुळं सुमारे २ लाख ७८ हजार, जळगाव २ लाख ४२ हजार. अजूनही धुळंच पुढे! म्हणजे जळगावात मुख्य लाइन येऊन सव्वाशे वर्षं झाली तरी धुळं मागे पडलेलं नव्हतं.

२००१ ला चित्र फिरलं. जळगाव ३ लाख ६८ हजार, धुळं ३ लाख ४१ हजार. आणि २०११ ला जळगाव ४ लाख ६० हजार, धुळं ३ लाख ७५ हजार. म्हणजे २००१ ते २०११ मध्ये जळगाव साधारण २५ टक्क्यांनी वाढलं आणि धुळं १० टक्क्यांनी. महानगरपालिका दोघांनाही एकाच वर्षी मिळाली, २००३ मध्ये.

एक सूचना. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आज गुगलवर जे 'सध्याची लोकसंख्या' म्हणून दिसतं तो कोणाचा तरी हिशेब आहे, मोजणी नाही. ग्रुपवर तो आकडा फेकायच्या आधी एवढं बघा.

मग १९९१ ते २००१ मध्ये असं झालं काय? एकच कारण सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण त्या दहा वर्षांच्या आसपास काही गोष्टी एकत्र आल्या. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आता त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, आणि ते जळगावला झालं. धुळे आणि नंदुरबारची कॉलेजंही त्याच विद्यापीठाखाली आली. ठिबक सिंचन, पाइप, प्लास्टिकच्या चटया, डाळ मिल, सोन्याचा बाजार, हे सगळं जळगावात वाढत होतं. आणि १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. आज जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत, धुळ्यात उरले ४. धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर. २०११ ला जळगाव जिल्हा ४२ लाखांचा आणि धुळे जिल्हा साडेवीस लाखांचा. जिल्ह्याचं शहर मोठं होतं ते आजूबाजूच्या तालुक्यांच्या जिवावर. पंधरा तालुक्यांचं ठाणं आणि चार तालुक्यांचं ठाणं, यांच्यात फरक पडणारच.

म्हणून "रेल्वे गेली म्हणून धुळं मागे पडलं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी एक नाव पुरेसं आहे: मालेगाव. धुळ्यापासून ५० किलोमीटरवर. २०११ ला लोकसंख्या ४ लाख ७० हजारांच्या पुढे. म्हणजे धुळं आणि जळगाव, दोघांपेक्षाही मोठं. आणि मालेगावात रेल्वे स्टेशनच नाही! ते शहर यंत्रमागांवर उभं आहे. आपण दोघं एक नंबरसाठी भांडतोय, आणि आपल्यापेक्षा मोठं शहर शेजारच्या जिल्ह्यात, दोघांच्याही यादीत नाही.

खरा प्रश्न: या दोघांच्या मध्ये काय आहे?

आता मला ज्यासाठी हा एपिसोड करायचा होता त्याकडे येतो. आपण नेहमी विचारतो, धुळ्याहून मुंबईला काय आहे, जळगावहून पुण्याला काय आहे. धुळ्याहून जळगावला काय आहे, हे कोणी विचारत नाही.

रस्त्याने ९० ते ९५ किलोमीटर. मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी. रेल्वेने? आधी धुळ्याहून दक्षिणेला चाळीसगावला जा, ५७ किलोमीटर. तिथे उतरा. दुसऱ्या गाडीची वाट बघा. मग पाचोऱ्यावरून जळगाव, अजून साधारण ९२. एकूण दीडशेच्या आसपास, आणि मध्ये गाडी बदल. एकाच विद्यापीठाची, एकाच बोलीपट्ट्यातली, नव्वद किलोमीटरवरची दोन शहरं, आणि रुळांवरून एकमेकांकडे जायचं तर तिसऱ्याच्या दारातून.

त्यामुळे सगळा भार त्या एका रस्त्यावर. आणि त्या रस्त्याचं फागणे ते तरसोड चौपदरीकरण किती वर्षं रखडलं, हे पारोळा-एरंडोलच्या कोणालाही विचारा. आमच्याकडची एक अख्खी पिढी डायव्हर्शनचे बोर्ड वाचत कॉलेजला गेली.

याचा त्रास कोणाला होतो ते बघा. साक्रीच्या मुलीला विद्यापीठात काम असेल तर तिला आधी धुळं आणि मग अजून नव्वद किलोमीटर. उलट बाजूने, धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज १९८० च्या दशकाच्या शेवटी आलं, जळगावात ते आलं २०१८ मध्ये. मधली तीस वर्षं आमच्या बाजूची कितीतरी माणसं रुग्ण घेऊन धुळ्याला जात होती. म्हणजे जिल्ह्याची हद्द कागदावर आहे, आपण जगतो ती दोन्ही शहरं मिळून. विद्यापीठ एकाचं, दवाखाना दुसऱ्याचा, विमान एकाचं, ट्रकचा चौक दुसऱ्याचा. एकाकडे जे आहे ते नेमकं दुसऱ्याकडे कमी आहे. अशा दोन शहरांमधली एज मजबूत असेल तर दोघांचाही फायदा, आणि आपल्या ग्राफमध्ये नेमकी तीच कच्ची आहे.

आणि दोन्हीकडच्या पोरांचा शेवटचा स्टॉप काय? पुणे. आयटीत असेल तर हिंजवडी, नसेल तर चाकण. रात्रीच्या ट्रॅव्हल्स धुळ्याहूनही भरून निघतात आणि जळगावहूनही. पुण्यात भेटल्यावर दोघं एकमेकांना 'आपल्याकडचा' म्हणतात. शहर मोठं कोणाचं, हा वाद तिथे भाड्याच्या रूममध्ये चालतो, हे मला जरा विचित्र वाटतं.

पुढे काय बदलणार आहे

२ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी रुपये, आणि २०२८-२९ पर्यंत पूर्ण करायचं ठरलंय. मालेगाव आणि धुळे याच पट्ट्यात येतात. त्याशिवाय बोरविहीर ते नरडाणा ही साधारण ५० किलोमीटरची लाइन आहे. धुळे-नरडाणा मार्गाचं भूमिपूजन २०१९ च्या फेब्रुवारीत धुळ्यात झालं. बोरविहीर म्हणजे आपल्या चाळीसगाव-धुळे लाइनवरचं स्टेशन. नरडाणा म्हणजे सुरत-जळगाव लाइनवरचं. ही दोन टोकं जोडली की धुळं पान राहत नाही, फांद्यांच्या मधलं जंक्शन होतं.

बहुतेक चर्चा इथेच थांबते. 'धुळ्याहून इंदूर, धुळ्याहून मुंबई, आता जळगावची जिरली' वगैरे. पण नरडाण्याला लाइन जोडली की तिथून उजवीकडे वळलं की अमळनेर, आणि पुढे जळगाव. म्हणजे पहिल्यांदाच धुळे-जळगाव थेट गाडी शक्य होईल. अंतर रस्त्यापेक्षा कमी होणार नाही, हे खरं. पण मध्ये गाडी बदलायची गरज नाही, अमळनेरची मुलं दोन्हीकडे जाऊ शकतील, आणि पावसाळ्यात रस्त्यावरच्या खड्ड्यांची चिंता नाही.

फक्त एक आहे. रूळ टाकले म्हणून गाडी आपोआप सुटत नाही. वेळापत्रकात कोणती गाडी घालायची हे मागणीवर ठरतं, आणि मागणी मोठ्याने करणाऱ्याची ऐकली जाते. मुंबईच्या गाडीसाठी निवेदनं देणारे भरपूर आहेत. धुळे-जळगाव सकाळ-संध्याकाळच्या लोकलसाठी निवेदन देणारं मला तरी कोणी भेटलेलं नाही. कारण सोपं आहे. धुळेकराला वाटतं त्याने जळगावचा फायदा होईल, आणि जळगावकराला वाटतं धुळ्याचा. दोघंही बरोबर आहेत, फायदा दोघांचाही होईल.

आणि रूळ येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. नव्वद किलोमीटर हे बसचं अंतर आहे. कॉलेज आणि ऑफिसच्या वेळा धरून, मध्ये फक्त पारोळा आणि एरंडोल घेणाऱ्या जलद एसटी ठरलेल्या वेळी सुटल्या, आणि त्यांचं वेळापत्रक मोबाइलवर खात्रीचं मिळालं, तर राहायचं धुळ्यात आणि शिकायचं जळगावात असं काही जणांना तरी जमेल. निदान रूमचं भाडं वाचेल.

तर, धुळं मोठं की जळगाव? २०११ च्या मोजणीने जळगाव, सुमारे ८५ हजारांनी. १९९१ च्या मोजणीपर्यंत धुळं. पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे, तेव्हा नवा आकडा येईल आणि ग्रुपवर पुन्हा दीडशे मेसेज पडतील. पडू द्या, त्यात मजा आहे.

पण तोपर्यंत माझं एक काम करा. तुम्ही या दोन शहरांच्या मध्ये नियमित जा-ये करत असाल, शिकायला, नोकरीला, दवाखान्याला, कशालाही, तर कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: कुठून कुठे, किती वाजता निघता, आणि एका बाजूला किती वेळ लागतो. पुरेशी उत्तरं आली तर मी त्यांचा साधा तक्ता करून एसटीच्या दोन्ही विभागांना आणि रेल्वेला पाठवीन, आणि काय उत्तर आलं ते पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये सांगेन. भरीत कुठलं चांगलं हेही लिहिलं तरी चालेल, पण ते चौथ्या नंबरला.

भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम.